कादंबऱ्या द्या, वह्या ठेवा

कोकणात घर बंद करायचं ठरलं की वस्तूंचा निकाल भराभर लागतो. समया, घंगाळं, तांब्याचा बंब मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमध्ये शोभेला जातात. सागवानी पलंगाला गिऱ्हाईक असतंच. उरतं ते पुस्तकांचं कपाट. "ही पुस्तकां आता कोण वाचतलो?" असं खळ्यात उभं राहून कुणीतरी विचारतं, बाकीचे माडाकडे बघतात, आणि शेवटी तालुक्याच्या वाचनालयात फोन जातो: तीनशे पुस्तकं आहेत, फुकट देतोय, टेम्पो पाठवा.

माझं मत असं की वाचनालयानं तो टेम्पो पाठवू नये. आणि ज्याचं कपाट आहे त्यानं किंवा तिनं, हातपाय चालतायत तोवर, ते स्वतः निवडावं. निवडताना आवडीनिवडीचा निकष मात्र बाजूला ठेवावा. सगळ्यात लाडकी पुस्तकं आधी देऊन टाकावीत. ज्यांना घरात कुणी पुस्तक म्हणूनही मोजत नाही, त्या वह्या, अहवाल आणि पातळ चोपड्या राखाव्यात.

हे उलटं वाटेल. पण दापोलीपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या कुठल्याही जुन्या वाचकाला आवडत्या पुस्तकांची यादी करायला सांगून बघा. साने गुरुजी असणारच. त्यांचं जन्मगाव पालगड आपलं, त्यामुळे 'श्यामची आई' नाशिकच्या तुरुंगात 1933 साली लिहिली गेली असली तरी ती कोकणाच्या घरचीच. खांडेकर शिरोड्याच्या शाळेत शिकवत होते, म्हणून 'ययाति'वरही आपला हक्क. मग श्री. ना. पेंडसे, जयवंत दळवी, चिं. त्र्यं. खानोलकर, मधु मंगेश कर्णिक. यादी उत्तम आहे, त्यात वाद नाही. पण ती दहापैकी आठ घरांत तीच निघते. ही पुस्तकं आजही छापली जातात, दुकानात मिळतात आणि प्रत्येक वाचनालयात त्यांच्या दोन-तीन प्रती असतात. शिवाय 1954 च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकानं नव्या पुस्तकाची प्रत तीस दिवसांच्या आत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्ली इथल्या ठरलेल्या ग्रंथालयांना स्वखर्चानं पाठवायची असते. सगळेच प्रकाशक हा कायदा पाळतात असं नाही, पण नावाजलेल्या लेखकाचं पुस्तक तिथवर सहसा पोचतं. तुमच्या कपाटातली 'ययाति'ची प्रत उद्या वाळवीनं खाल्ली तर तुम्हाला वाईट वाटेल; मराठीचं काही बिघडणार नाही.

आता त्याच कपाटाच्या तळच्या खणात हात घाला. तिथे सुतळीनं बांधलेलं एक गाठोडं असतं, पंचांगांच्या आणि लग्नपत्रिकांच्या शेजारी. त्यात काय निघतं? गावाच्या मुंबईतल्या ग्रामस्थ मंडळाचे अहवाल. शाळेच्या शतक महोत्सवाची स्मरणिका. देवस्थानच्या जमाखर्चाचं छापील पत्रक. विविध कार्यकारी सोसायटीचा ताळेबंद. घराण्याचा कुलवृत्तान्त, बहुतेक वेळा पुठ्ठा निघालेला. सिंधुदुर्गात असाल तर भजनी बुवांची वही: गजर, अभंग, डबलबारीत, म्हणजे दोन बुवांच्या भजनी सामन्यात, समोरच्याला टाकलेले सवाल आणि त्यांची उत्तरं, तीन रंगांच्या शाईत. रत्नागिरीकडे असाल तर जाखडी या लोकनाचाच्या शाहिराची वही, त्यातल्या शक्ती आणि तुरा या दोन पक्षांपैकी शक्तीवाल्याची किंवा तुरेवाल्याची. आणि नशीब जोरावर असेल तर शाळेचं हस्तलिखित मासिक, ज्याची जगात एकच प्रत निघाली होती आणि ती गुरुजींच्या घरी राहिली.

यातला एक अहवाल हातात घेऊन नीट बघण्यासारखा असतो. साधारण सोळा पानं, कागद वर्तमानपत्राच्या जातीचा, कडा तांबूस. मध्ये दोन लोखंडी पिना. त्यांच्याभोवती गंजाचं वर्तुळ आणि वर्तुळाच्या आत कागद इतका ठिसूळ की पान उलटताना पिनेपाशीच तुटतं. सुरुवातीला अध्यक्षांचं मनोगत, ते सोडून दिलंत तरी चालेल. शेवटची चार पानं महत्त्वाची. तिथे वर्गणीदारांची यादी: नाव, वाडी, मुंबईतला पत्ता, रक्कम. परळ-लालबागच्या कुठल्या चाळीत गावकऱ्यांची खोली होती, तिथे किती जण राहायचे, कुठल्या वाडीतून कोण गिरणीत गेला, शाळेच्या छपराच्या कौलांना कुणी पैसे दिले आणि देवळाच्या सभामंडपाला कुणी. गावातली कुठली वाडी त्या यादीतच नाही, हेही दिसतं. गिरणगावावर आणि चाकरमान्यांवर आपण भाषणं खूप करतो. त्यांचा पुरावा असल्या सोळापानी चोपड्यांत आहे. त्या कुठल्याही दुकानात विकल्या गेल्या नाहीत, बहुधा कुठल्याही ग्रंथालयात जमा झाल्या नाहीत. पाचशे छापल्या, वाटल्या, संपल्या.

म्हणून पुस्तक आणि प्रत यांत फरक करायला शिकलं पाहिजे. पुस्तक म्हणजे मजकूर, तो हजार ठिकाणी असू शकतो. प्रत म्हणजे ही एक वस्तू. कधी कधी अगदी सरसहा मिळणाऱ्या कादंबरीचीही प्रत राखण्यासारखी असते. कुणा शिक्षकानं पेंडशांच्या कादंबरीच्या समासात पेन्सिलीनं खऱ्या जागांची नावं लिहिलेली असतात: ही खाडी म्हणजे अमुक, हे देऊळ म्हणजे तमुक. कुणी खानोलकर वाचताना अडलेल्या शब्दाचा आपल्या गावातला अर्थ बाजूला नोंदवलेला असतो. अशी प्रत द्यायची नाही. पहिल्या कोऱ्या पानावरचं नाव, तारीख, किंमत, दुकानाचा शिक्का हेसुद्धा बघावं. कुठल्या साली कुठल्या बंदरगावात पुस्तकाचं दुकान होतं हे पुढे याच शिक्क्यांवरून कळणार आहे. पण समास कोरा, शिक्का नाही आणि पुस्तक बाजारात आहे, तर आईनं वाढदिवसाला दिलेलं असलं तरी ते वाचणाऱ्याच्या हाती जाऊ द्या. हवं तर ते एक ठेवा. मी एक म्हणतोय.

दोन भागांची पुस्तकं मात्र फोडू नका. पेंडशांची 'तुंबाडचे खोत' दोन खंडांत आहे, आणि त्याचा एकच खंड शिल्लक असलेली कपाटं कोकणात किती तरी असतील. दुसरा कुणी तरी वाचायला नेलेला असतो. एकटा खंड वाचनालयाला देणं म्हणजे त्यांच्या कपाटात अडगळ वाढवणं.

दिवाळी अंकांचंही तेच गणित. मराठीतला पहिला दिवाळी अंक 1909 सालचा, 'मनोरंजन'चा; तो काढणाऱ्या का. र. मित्रांचं मूळ आडनाव आजगावकर, म्हणजे आपल्या कोकणातल्या आजगावचं. त्या अभिमानापोटी आपल्याकडे दिवाळी अंकांच्या थप्प्या जपून ठेवतात. मुंबई-पुण्याच्या मोठ्या अंकांच्या थप्पीला काही अर्थ नाही, ते इतरत्र आहेत. तालुक्याच्या साप्ताहिकानं काढलेला, अर्ध्याहून अधिक जाहिरातींचा, छपाईच्या चुकांनी भरलेला अंक ठेवा. जाहिरातींसकट. किंबहुना जाहिरातींसाठीच.

"पण सगळंच का ठेवू नये?" असा आक्षेप येतो, आणि तो पुस्तकांवर जीव असणारेच घेतात. याचं उत्तर आपल्या हवेत आहे. पावसाळ्यात किनारपट्टीवर हवेतलं बाष्प ऐंशी-नव्वद टक्क्यांच्या आसपास दिवसेंदिवस टिकून राहतं. बुरशीला पासष्ट-सत्तरच्या पुढे गेलं की पुरे. त्यात आपली जुनी घरं जांभ्याची. जांभा सच्छिद्र दगड. पागोळ्यांचं पाणी जोत्यातून वर ओढतो आणि भिंतीत धरून ठेवतो. अशा भिंतीत खोदलेलं फडताळ पुस्तकांसाठी देखणं दिसतं आणि सगळ्यात वाईट असतं, कारण तीन बाजूंनी ओल आणि वारा कुठूनच नाही. कपाट ठेवायचं तर भिंतीपासून चार बोटं पुढे, तळचा खण जमिनीपासून निदान सहा इंच वर, आणि बाहेरच्या, पश्चिमेच्या भिंतीला कधीच नाही. पावसाचा मारा तिकडूनच येतो.

मग माणसं उपाय करतात आणि त्यातले निम्मे उपाय पुस्तकं मारतात. प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधणं हा पहिला. पुस्तक आतून ओलं असतं, पिशवी ती ओल कोंडते, आणि गणपतीला उघडावं तर आत पांढरी लव. दुसरा, मे महिन्याच्या उन्हात पापड-फेण्यांबरोबर पुस्तकं वाळवणं. कडक उन्हानं पुठ्ठे वाकतात, बांधणीचा सरस फुटतो, कागद पिवळा पडतो. आणि ऊन कितीही तापलं तरी मेमध्ये हवा समुद्राची, ओलीच असते. पुस्तकं सुकवायचा खरा महिना जानेवारी. थंडीच्या कोरड्या दिवसांत, सकाळी अकरा ते चार, सावलीत, पानं मोकळी करून पंख्याखाली उभी ठेवायची. तिसरा उपाय डांबरगोळ्या. त्यांच्या वासानं किडा थोडा लांब राहतो, बुरशीला त्यांचं काहीच वाटत नाही, आणि झोपायच्या खोलीत तो वास माणसालाच बाधतो. चौथा, फाटलेल्या पानाला चिकटपट्टी. पाच-दहा वर्षांत ती तपकिरी होते, पट्टी सुटते, डिंक राहतो आणि अक्षरं घेऊनच निघतो. पातळ मैद्याची खळ आणि टिश्यू कागदाची पट्टी लावा. जुने बाइंडर त्या खळीत चिमूटभर मोरचूद घालत, कसर लागू नये म्हणून. मोरचूद विषारी आहे, खळीचं भांडं पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नये.

कसर आणि वाळवी यांची गल्लतही नेहमीची. कसर म्हणजे तो चंदेरी, चपळ किडा. तो खळ खातो, पृष्ठभाग कुरतडतो, नकाशासारखे वेडेवाकडे ओरखडे ठेवतो. स्वच्छता, उजेड आणि हालचाल यांनी तो आवरतो. वाळवीला तसल्या उपायांची पर्वा नसते. ती जमिनीतून मातीचा माग काढत भिंतीवरून येते, कपाटाच्या पाठीमागच्या फळीतून शिरते आणि पुस्तकाच्या मधोमध पोकळी करते. बाहेरून कणा शाबूत दिसतो, हातात घेतलं की वजनच नाही. म्हणून महिन्यातून एकदा कपाटाच्या मागे बॅटरी मारून मातीची रेघ दिसते का ते बघायचं, एवढं एकच काम बंद घरात होऊ शकत नाही. आणि कोकणातली किती घरं वर्षाचे दहा महिने बंद असतात हे मी सांगायला नको.

हिशेब मांडून पाहू. तीन फुटी खण, सरासरी पुस्तक दोन सेंटिमीटर जाडीचं धरलं तर एका खणात पंचेचाळीस पुस्तकं. पाच खणांचं कपाट, सव्वादोनशे. एवढी पुस्तकं बंद घरात सांभाळायची म्हणजे वर्षातून निदान चार फेऱ्या आणि पावसाळ्यात कुणीतरी येऊन दारं-खिडक्या उघडणं. ते कुणाला जमत असेल तर त्यानं खुशाल सगळं ठेवावं. पण त्याच कपाटातल्या राखण्याजोग्या वस्तू निवडल्या तर त्या फार तर पंचवीस-तीस भरतात आणि रबरी कड असलेल्या एका पंचवीस लिटरच्या घट्ट झाकणाच्या डब्यात मावतात. डबा जानेवारी-फेब्रुवारीत, वस्तू पूर्ण कोरड्या झाल्यावर भरायचा. मघाशी प्लॅस्टिकला नावं ठेवली ती आतली ओल कोंडल्याबद्दल. इथे आत ओलच नाही आणि सोबत ती शोषणारं काहीतरी आहे. म्हणजे सिलिका जेल, पण बुटांच्या खोक्यात येतात तसल्या दोन पुड्या टाकून काही होत नाही. एवढ्या डब्याला अर्धा किलो दाणे लागतात, सुती पिशवीत. केशरी रंगाचे घ्यावेत; निळ्यात कोबाल्ट असतं, ते घातक. रंग उतरला की ओव्हनमध्ये 110 ते 120 अंशांवर दोन-तीन तास ठेवले की पुन्हा कामाला येतात. लोखंडी पिना आधी काढून टाकायच्या, सुरीच्या बोथट टोकानं पाय सरळ करून, ओढून नव्हे. त्याच भोकांतून पांढरा सुती दोरा घालायचा. डबा माळ्यावर ठेवू नये. कौलांखाली उन्हाळ्यात भट्टी होते आणि गळतीची पहिली धार तिथेच पडते. मधल्या खोलीत, आतल्या भिंतीकडे, कमरेच्या उंचीवर.

किडा आहे अशी शंका असेल तर डब्यात भरण्याआधी आणखी एक करता येतं. वस्तू दोन पिशव्यांत हवाबंद करून घरच्या डीप फ्रीजरमध्ये, उणे 18 अंशांवर, दोन आठवडे. बाहेर काढल्यावर पिशवी चोवीस तास उघडायची नाही, नाहीतर गार कागदावर दव धरतं. यानं कसर आणि तिची अंडी मरतात. बुरशी मरत नाही, फक्त झोपते. बुरशी कोरडी झाल्यावर उघड्यावर, तोंडाला चांगला मास्क लावून, मऊ ब्रशानं झाडायची. शाईनं लिहिलेल्या वहीला स्पिरिट लावू नका, अक्षरं फुटतात.

आता वाचनालयांकडे वळू, कारण या सगळ्यात त्यांची बाजू कुणी मांडत नाही. रत्नागिरीच्या नगर वाचनालयाचा इतिहास 1828 पर्यंत मागे जातो. वाचनालयं या किनाऱ्यावर रेल्वेच्या, रस्त्यांच्या आणि बऱ्याच शाळांच्याही आधीची. पण जुनं नाव म्हणजे मोठी जागा नव्हे. देणगीची तीनशे पुस्तकं आली की प्रत्येकाची दाखल नोंद, वर्गीकरण, शिक्का, लेबल, यादीत भर. एका पुस्तकाला वीस मिनिटं धरली तरी शंभर तास. त्यातली अडीचशे आधीच त्यांच्याकडे असतात. मग ती खोक्यांतच राहतात, जिन्याखाली, आणि पहिल्या पावसाळ्यात आतल्या बुरशीनं वाचनालयाची चांगली पुस्तकंही बाधतात. देणाऱ्याला मात्र वाटतं, पुस्तकं सुस्थळी पडली.

नकार देणं वाचनालयांना जड जातं. गावातलं घर, ओळखीची माणसं, कधीकाळचे अध्यक्ष. त्यात 1967 च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली जी अ, ब, क, ड अशी वर्गवारी आहे आणि ज्यावर अनुदान ठरतं, तिच्या निकषांत ग्रंथसंख्या आहे. संख्येचा निकष असला की पुस्तक घेण्याचा मोह होतो आणि निर्लेखन, म्हणजे जीर्ण पुस्तकं रीतसर बाद करणं, मागे पडतं. माझी सूचना साधी आहे: आकड्याबरोबर स्थानिक संग्रहालाही गुण द्या. ज्या वाचनालयाकडे आपल्या तालुक्यातल्या स्मरणिका, अहवाल, वह्या यांचं वेगळं कपाट आणि छापील यादी आहे, त्याला ते श्रेय मिळू दे. 'ययाति'ची सातवी प्रत मोजणारी आणि शाहिराची वही न मोजणारी पद्धत वाचनालयाला चुकीच्या दिशेला ढकलते. आणि शासननिर्णयाची वाट न बघता प्रत्येक वाचनालयाला एक पानाचं देणगी धोरण आजच्या आज दारावर लावता येईल: आधी यादी पाठवा, आम्ही निवडू, उरलेलं नेण्याची जबाबदारी तुमची.

"मग आम्ही घरातच वाचनालय काढतो" हा दुसरा टोकाचा विचार. वडिलांच्या नावाची पाटी, ओटीवर कपाटं, शिमग्याला उद्घाटन. हेतू चांगला, पण या कल्पनेला एक परीक्षा आहे: जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, दोन दिवस वीज नसताना, दार कोण उघडणार? नाव सांगता आलं तर काढा. सांगता येत नसेल तर तीच पुस्तकं गावच्या माध्यमिक शाळेला द्या, पण पन्नासच आणि मुलं वाचतील अशीच. सातारा जिल्ह्यातल्या भिलारला 2017 साली पुस्तकांचं गाव झालं तेव्हापासून आपल्याकडेही तशी स्वप्नं पडू लागली. भिलार महाबळेश्वर-पाचगणीच्या पर्यटकांच्या वाटेवर आहे आणि शासन पाठीशी आहे. प्रत्येक वाडीच्या वाट्याला ते येत नाही.

डिजिटल करून टाका, म्हणजे प्रश्नच मिटला, असंही म्हटलं जातं. मिटत नाही, पण निम्मा हलका होतो. सोळा ते साठ पानांची चोपडी मोबाइलवर टिपायला अर्धा तास लागतो: खिडकीशी, थेट ऊन न येता, वरून सरळ, पानावर जड काच ठेवून, सावली पडू न देता. समास कापायचा नाही, कोरं पानही टिपायचं, मलपृष्ठ विसरायचं नाही. फाइलला गाव, साल, प्रकार या क्रमानं नाव. पण टिपणं वेगळं आणि जगजाहीर करणं वेगळं. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क चालतो. शाहिराच्या वहीतलं कवन त्याच्या वारसांचं असतं, वही तुमच्या कपाटात सापडली म्हणून ते तुमचं होत नाही. विचारून घ्यावं. गावात विचारायला माणूस सापडतो.

कागद शेवटी हवाच, आणि तो पाण्यापासून वाचवावा लागतो, हे वादळ-पुरांनी शिकवलं. 3 जून 2020 ला निसर्ग वादळानं रायगड आणि दापोली-मंडणगडच्या घरांची कौलं-पत्रे उडवले आणि पाऊस थेट माळ्यांवर, कपाटांवर पडला. पुढे कित्येक दिवस वीज नव्हती. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठी नदी चिपळुणात शिरली. 1864 पासून चालत आलेल्या तिथल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरानं 2005 चा पूर सोसला होता, तो पुन्हा सोसला. अशा वेळी एकाच जागी सगळं असणं हा धोका, आणि ओल्या पुस्तकांचं काय करायचं हे ठाऊक नसणं हा त्याहून मोठा. साधारण अठ्ठेचाळीस तासांत बुरशी धरू लागते. गुळगुळीत आर्ट कागदाची स्मरणिका वाळली की विटेसारखी एकजीव होते, मग पान सुटत नाही. थोडी पुस्तकं असतील तर चिखल धुवून, दर वीस-पंचवीस पानांत कोरा शोषक कागद घालून, पंख्याखाली. छापील वर्तमानपत्र घालू नये, शाई उतरते. शेकड्यांनी असतील तर पंखे पुरणार नाहीत. तेव्हा ती गोठवायची असतात, उणे 18 किंवा त्याखाली, म्हणजे बुरशी थांबते आणि सुकवायला महिने मिळतात.

जगभर यासाठी ग्रंथालयं शीतगृहांशी आधीच बोलून ठेवतात. आपल्या किनाऱ्यावर तर मासळीची शीतगृहं आहेत. पावसाळ्यात, 1 जून ते 31 जुलै या मासेमारीबंदीच्या काळात, त्यांच्यावरचा भार कमी असायला हरकत नाही, आणि पूर नेमके तेव्हाच येतात. वासाची भीती घालणाऱ्यांना सांगावं की दुहेरी पिशवी आहे, आणि बांगड्याचा वास लागलेली वही ही नसलेल्या वहीपेक्षा बरी. तालुक्याच्या वाचनालयानं मे महिन्यात जवळच्या एखाद्या शीतगृहवाल्याला भेटून साधं पत्र करून घ्यावं: पूर आल्यास इतके क्रेट, इतके दिवस, या भाड्यानं. क्रेटही त्यांच्याकडेच असतात.

कपाट निवडायला दोन माणसांना एक शनिवार-रविवार पुरतो. एकानं पुस्तक काढून झाडायचं आणि वाचून दाखवायचं, दुसऱ्यानं लिहायचं. तासाला चाळीसेक होतात. यादीत सहाच रकाने: नाव, कुणाचं, साल, कुठे छापलं, अवस्था, समासात काही आहे का. पानाचा कोपरा हलकेच दुमडून बघायचा. दोन घड्यांत तुटला तर तो कागद आता हाताळण्यापलीकडे गेला, टिपून ठेवायचा आणि डब्यात. चार ढीग: डबा, शाळा, वाचनालयाला विचारायचं, रद्दी. रद्दीचा ढीग सगळ्यात मोठा निघाला तर अपराधी वाटून घेऊ नये. जुनी पाठ्यपुस्तकं, स्पर्धापरीक्षांची मार्गदर्शकं, वाळवीनं अर्धी खाल्लेली भाषांतरं यांना दुसरी गती नाही. मात्र रद्दीवाल्याच्या काट्यावर घालण्यापूर्वी प्रत्येक पुस्तक कण्याला धरून एकदा झटकायचं. पत्रं, फोटो, सातबाराचे उतारे, बोटीचं तिकीट, कधी पैसेही पडतात.

यादीच्या तीन प्रती काढायच्या. एक डब्यात, झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवून नव्हे, सुटी, वरच. एक मुंबईतल्या नातवंडांकडे. एक तालुक्याच्या वाचनालयात, डबा ज्या घरात आहे तिथल्या शेजाऱ्याच्या फोन नंबरासह. शेजाऱ्याला आधी सांगून ठेवायचं की किल्ली त्याच्याकडे आहे ती फक्त नारळ काढायला नाही.